उचलू नये, सरकवावे : घरच्या रुग्णसेवेतील साधनांविषयी

माझ्या पत्नीला पक्षाघात होऊन सहा वर्षे झाली. शरीराची उजवी बाजू गेली, वाचा बऱ्याच अंशी परत आली, स्मरण पूर्ण शाबूत राहिले. मात्र या लेखाचा विषय आजार हा नाही. आजाराविषयी डॉक्टर मंडळी माझ्यापेक्षा अधिकारवाणीने लिहितात. माझा विषय आहे त्यापुढचा, घरातला, आणि ज्याविषयी रुग्णालयातून घरी पाठवताना फारसे कोणी बोलत नाही तो : एका वयस्क माणसाने दुसऱ्या वयस्क माणसाला दिवसातून अनेकदा एका जागेवरून दुसऱ्या जागी कसे न्यावे?

बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला प्रथम मोजावेसे वाटते, म्हणून मी मोजले. रात्री पलंगावरून कमोड खुर्चीवर आणि परत, दोन वेळा. सकाळी पलंगावरून व्हीलचेअरवर, एकदा. शौचालयात बसवणे व उठवणे, दोन. स्नानाचे दोन. दुपारच्या विश्रांतीचे दोन. सायंकाळी पुन्हा शौचालयाचे दोन, आणि रात्री निजवण्याचा एक. एकूण बारा. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर ही संख्या ४,३८० होते. पत्नीचे वजन ६२ किलो, माझे ६६. हे आकडे मांडले की प्रेम, कर्तव्य, सहनशक्ती हे शब्द थोडे बाजूला सरकतात आणि प्रश्न सरळ यंत्रशास्त्राचा होतो.

अमेरिकेत श्रमिकांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी ‘नायॉश’ ही शासकीय संस्था आहे. तेथील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली असे मांडले की, रुग्णाला हाताने उचलताना एका व्यक्तीवर येणारा भार ३५ पौंडांहून, म्हणजे सुमारे १६ किलोंहून, अधिक असू नये. त्याहून अधिक असल्यास साधन वापरावे. ही मर्यादासुद्धा परिस्थिती अनुकूल असतानाची. वाकून, हात लांब करून किंवा अडचणीच्या जागी उचलायचे असेल तर ती आणखी खाली येते. लक्षात घ्या, हे प्रशिक्षित परिचारिकांविषयी आहे, साठी ओलांडलेल्या पतीपत्नींविषयी नाही. ब्रिटनमध्ये तर हाताने ओझी हलवण्याविषयी १९९२ साली स्वतंत्र नियम झाले, आणि रुग्णाचे शरीर हेही त्या अर्थाने एक ओझेच मानले गेले. शब्द कठोर आहे, पण ज्याच्या कमरेवर ते पडते त्याला तो पटतो.

कोणी म्हणेल, बाजार समितीतला हमाल पन्नास किलोचे पोते सहज नेतो. नेतो खरा, पण पोते त्याच्या पाठीला चिकटलेले असते, ते मध्येच वळत नाही, घाबरून त्याची मान पकडत नाही. माणसाला उचलताना आपण पुढे वाकतो, भार शरीरापासून दूर असतो, आणि भार जितका दूर तितका कमरेच्या मणक्यांवरचा ताण अनेक पटींनी वाढतो. त्यातच अर्धे वळणे आले, तर मणक्यांमधील गादी सरकण्यास तेवढे कारण पुरते.

आमच्या गल्लीतील एका भगिनीचे उदाहरण देतो. वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास, वय सत्तरीकडे झुकलेले. यजमानांचे वजन ऐंशीच्या पुढे. दोन वर्षे त्यांनी यजमानांना काखेत हात घालून उठवले. एके दिवशी कमरेत कळ आली ती राहिलीच. तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे आणि एक मणका दबल्याचे निघाले. त्यानंतर त्या घरात दोन रुग्ण होते आणि काळजी घेणारे कोणी नव्हते. मुलगा पुण्याहून रजा काढून आला. रजा संपली तेव्हा वडिलांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. त्या माउलीला आपल्या मणक्यापेक्षा याचे दुःख अधिक झाले. यजमानांना घरी ठेवण्यासाठीच तर तिने दोन वर्षे कंबर मोडली होती.

या विषयावर लिहावे असे मला वाटले ते या घरामुळे. साधने ही चैनीची वस्तू नव्हे. रुग्ण घरी राहू शकेल की नाही हे पुष्कळदा त्यांच्यावर ठरते.

लहान साधने

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ट्रान्स्फर बेल्ट, कमरेला बांधावयाचा रुंद, मजबूत पट्टा. त्याला बाजूंना आणि मागे पकडण्यासाठी कड्या शिवलेल्या असतात. शेकड्यांच्या हिशोबात मिळतो. याने रुग्णाला उचलायचे नसते. तो स्वतः उठत असताना त्याचा तोल सावरायचा असतो. काखेत हात घालून किंवा लुळा हात ओढून उठवण्याची जी सर्रास पद्धत आहे ती अतिशय घातक आहे. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि ओढल्याने खांदा सांध्यातून खाली उतरतो. ते दुखणे मग मूळ आजारापेक्षा जास्त छळते. पट्टा कपड्यांवरून बांधावा, आत दोन बोटे जातील इतका घट्ट असावा. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, बरगड्यांना इजा असेल किंवा हाडे फार ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये. एक व्यावहारिक गोष्ट आमच्या घरापुरती सांगतो : नऊवारी असो वा पाचवारी, साडीच्या निऱ्यांवर हा पट्टा टिकत नाही, वर सरकतो. सुती गाऊन किंवा सलवार-कुडत्यावर नीट बसतो. पत्नीने आयुष्यभर साडीच नेसली, त्यामुळे हा बदल तिला जड गेला. सणावाराला ती आजही साडी नेसते. त्या दिवशी पट्टा न वापरता दुसरी सोय करतो.

फिजिओथेरपिस्टने आम्हाला शिकवलेली पद्धत थोडक्यात अशी. व्हीलचेअर रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरपी ठेवायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूला करायच्या. रुग्णाला पलंगाच्या कडेपर्यंत सरकवून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवायचे. मग त्याने पुढे झुकायचे, इतके की नाक पायांच्या बोटांच्या वर यावे. माणूस बसल्या जागेवरून उठताना नकळत हेच करतो. पुढे झुकल्याशिवाय कोणीही उठू शकत नाही, आणि आपण नेमके उलट, छातीशी धरून वर ओढतो. आपला गुडघा त्याच्या दुबळ्या गुडघ्यासमोर आधार म्हणून ठेवायचा, तीन म्हणायचे आणि एकत्र उठायचे. वळताना आपण कमरेतून न वळता पावले टाकून वळायचे. हे लिहून कळत नाही. फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून, आपल्याच पलंगावर आणि आपल्याच खुर्चीवर चार-पाच वेळा करवून घ्यावे. त्याची फी ही या सगळ्या खर्चातली सर्वांत किफायतशीर रक्कम आहे.

पलंगावर वर सरकवणे आणि कूस बदलणे यासाठी स्लाइड शीट मिळते. ही गुळगुळीत नायलॉनच्या कापडाची नळी किंवा दुहेरी चादर असते. ती अंगाखाली घातली की घर्षण एकदम कमी होते आणि दोन बोटांच्या जोराने माणूस सरकतो म्हटले तरी चालेल. काम झाल्याबरोबर मात्र ती काढलीच पाहिजे, नाहीतर रुग्णच पलंगावरून घसरेल. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा जो दंडक सांगितला जातो तो या कापडामुळे पाळता येतो. हवेची गादी घेतली म्हणून कूस बदलणे संपत नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो. विक्रेते तसे सुचवतात. ओढून नेताना कातडी चादरीला घासली जाते ते शय्याव्रणाचे एक कारण आहे. तेव्हा हे कापड केवळ आपल्या कमरेसाठी नाही.

पलंग ते खुर्ची असा पूल बांधणारी लाकडी किंवा प्लास्टिकची सरकफळीही असते. ज्यांचे पाय गेले पण हातांत बळ आहे त्यांना ती उत्तम. आमच्या उपयोगाची नाही.

हातळीची खुर्ची

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक साधन बरेच दिसू लागले आहे. दुकानदार त्याला पेशंट ट्रान्स्फर चेअर म्हणतात. चाकांची खुर्ची, पण तिची बैठक मधोमध दुभंगते आणि दोन्ही अर्धे भाग पाठीसकट दाराच्या फळ्यांसारखे उघडतात. रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवायचे, उघडलेली खुर्ची त्याच्याभोवती आणायची, बैठकीचे दोन भाग दोन्ही बाजूंनी मांड्यांखाली सरकवायचे, मागे कडी लावायची, आणि हातळ फिरवून खुर्ची थोडी उंच करायची. माणूस पलंगावरून उचलला जातो, आपण केवळ हातळ फिरवतो. मग तीच खुर्ची थेट कमोडवर नेता येते, कारण बैठकीत मधे पोकळी असते. पंख्याखाली, जेवणाच्या टेबलाशी, न्हाणीघरात, सर्वत्र चालते.

मला विचाराल तर मध्यमवर्गीय भारतीय घराला शोभणारे हेच साधन आहे. विजेची गरज नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही, किंमत काही हजारांच्या घरात. माझी नोंदवही सांगते की, या खुर्चीमुळे आमच्या बारांपैकी आठ वेळचे उचलणे संपले. मात्र मर्यादा स्पष्ट आहेत. रुग्णाला आधार देऊन तरी बसता आले पाहिजे, मान आणि धड सावरता आले पाहिजे. कडी पूर्ण बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि छातीचा पट्टा लावल्याशिवाय हातळीला हात लावू नये. खुर्ची उंच असताना ती ढकलत नेऊ नये. उंच भार आणि लहान चाके म्हणजे उलटण्याला निमंत्रण. आधी खाली घ्यावी, मग न्यावी.

पहिली खुर्ची आली तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने ती दारात ठेवली, पावतीवर सही घेतली आणि तो निघाला. जोडणी, प्रात्यक्षिक, भारक्षमता, काहीही नाही. माहितीपत्रक परभाषेत. त्याच दिवशी ती परत पाठवली. दुसऱ्या दुकानदाराने स्वतः बसून दाखवले, माझ्या नातवाला बसवून दाखवले, मग पत्नीला. थोडी महाग पडली. बँकेत आम्ही यंत्रसामग्रीसाठी कर्ज देताना विक्रीनंतरच्या सेवेची चौकशी करीत असू. कारखान्याला लागू तो नियम घराला का नको?

लिफ्ट आणि झोळी

ज्यांना बसताही येत नाही, किंवा ज्यांचे वजन फार आहे, त्यांच्यासाठी पेशंट लिफ्ट, म्हणजेच हॉइस्ट. अमेरिकेत तिला सरसकट ‘हॉयर लिफ्ट’ म्हणतात. एका उत्पादकाचे नाव सगळ्याच यंत्रांना चिकटले, जसे आपल्याकडे वनस्पती तुपाचे झाले. लोखंडी खांब, त्याला पुढे आलेला बाहू, बाहूच्या टोकाला आडवी दांडी, आणि दांडीला अडकवलेली कापडी झोळी. तळाशी दोन लांब पाय व चाके असतात. ते पाय पलंगाखाली जातात आणि रुंद पसरतात, म्हणजे यंत्र कलंडत नाही. उचलण्याचे काम जॅकसारखा पंप करतो किंवा बॅटरीवरची मोटर.

मागील दीड वर्षापासून आमच्याकडे पंपाची लिफ्ट आहे. बॅटरीची यंत्रे चार्ज करून ठेवली तर वीज गेल्यावरही चालतात आणि त्यांत आणीबाणीत खाली घेण्याची सोय असते, हे मान्य. तरीही बॅटरी जुनी झाल्यावर काय, हा प्रश्न मला सतावत राहिला. पंपाला तेल लागते, तेवढेच. चकती हळूहळू सैल केली की माणूस सावकाश खाली येतो.

येथे आपल्या घरांतली एक मोठी अडचण सांगितली पाहिजे. आपल्याकडे बॉक्स-पलंग असतात. खाली कप्पे, कप्प्यांत गाद्या, लोकर, लग्नातली भांडी. लिफ्टचे पाय पलंगाखाली जाण्यास चार-सहा इंचांची मोकळी जागा लागते. बॉक्स-पलंगाखाली एक सुपारी जाणार नाही. म्हणजे लिफ्ट घेण्याआधी पलंग बदलावा लागतो. बदलायचाच असेल तर उंची कमी-जास्त होणारी रुग्णशय्या घ्यावी. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कॉटना डोके आणि गुडघे उचलण्याची हातळ असते, पण पूर्ण पलंग वर-खाली होत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा. डोके उशांनी उंच करता येते, पलंग नाही. अंग पुसताना, कपडे बदलताना पलंग सेवा करणाऱ्याच्या कमरेइतका उंच असावा. रुग्ण उठताना तो इतका खाली यावा की त्याचे तळवे जमिनीला टेकावेत. या एका सोयीने आपले अर्धे वाकणे वाचते.

झोळी हा लिफ्टचा आत्मा. अर्ध्या इंग्रजी यू अक्षरासारखी झोळी पाठीमागून घालून तिच्या दोन शेपट्या मांड्यांखालून काढून पुढे एकमेकींत ओवून अडकवतात. ती बसलेल्या माणसालाही घालता येते. पूर्ण अंगाची झोळी ज्यांना मान सावरता येत नाही त्यांच्यासाठी. शौचासाठी मागून मोकळी झोळी वेगळी येते, पण ती धडाला कमी आधार देते म्हणून ज्याला धड सावरते त्यालाच वापरावी. झोळीचे माप वजन आणि उंची पाहून घ्यावे. मोठ्या झोळीतून माणूस निसटतो, लहान झोळी मांड्यांत रुतते. दर वापराआधी शिवण आणि फासे डोळ्यांनी पाहावेत. उसवलेली, विरलेली झोळी शिवून वापरू नये, टाकावी. ब्लीच लावू नये, इस्त्री करू नये.

आणखी एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. उचलत असताना व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, पण लिफ्टची चाके मोकळी ठेवायची, अशीच बहुतेक उत्पादकांची सूचना असते. भार वर येताना यंत्र स्वतः किंचित सरकून तोल साधते. ब्रेक लावले तर तो तोल त्याला साधता येत नाही. आपल्या यंत्राचे माहितीपत्रक अर्थातच अंतिम.

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की यंत्र आले आणि प्रश्न सुटला. आमच्याकडे तसे झाले नाही. लिफ्ट दारात आली तेव्हा पत्नीने तिच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “अहो, मला काय पोत्यागत टांगणार काय?” त्यानंतर दोन महिने ती यंत्र खोलीच्या कोपऱ्यात टॉवेल वाळत घालण्याच्या कामी आले. मी आग्रह केला नाही. शरीर तिचे आहे. लटकण्याची भीती, पाय अधांतरी होण्याची लाज, आणि जो नवरा कालपर्यंत आपल्या हातांनी उठवत होता त्याने मध्ये लोखंड आणले याचे वाईट वाटणे, हे सगळे त्या एका वाक्यात होते.

मार्ग काढला तो आमच्या सुनेने. तिने मला झोळीत बसवले. पत्नीच्या समोर, पत्नीच्याच हाती चकती देऊन. डाव्या हाताने तिने मला वर-खाली केले, आणि वर असताना जरा जास्तच वेळ ठेवले. त्यानंतर तिने अटी घातल्या : झोळी घालताना दार बंद असेल, अंगावर चादर असेल, पाहुणे असताना लिफ्ट वापरली जाणार नाही, आणि ‘उचलू का’ असे विचारल्याशिवाय कोणी पंपाला हात लावणार नाही. या अटी आजही पाळल्या जातात. दिवसा येणाऱ्या मावशींनाही त्या पहिल्याच दिवशी सांगितल्या. माझ्या मते त्या झोळीच्या मापाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

नातलगांचे म्हणणे निराळे असते. “तुम्ही इतकी सेवा करता, मग यंत्र कशाला?” असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले. त्यांच्या मनात वैयावृत्त्याची कल्पना होती, आणि ती आपल्याकडे अंतरंग तपांत गणली जाते हे खरेच आहे. पण त्या कल्पनेत आजाऱ्याला साता पहिली येते, सेवकाच्या घामाला तेथे स्वतंत्र मोल नाही. दमलेल्या हातांतून माणूस निसटतो तेव्हा कोणाची सेवा झाली?

निसटण्याविषयीच दोन वाक्ये. धरलेला माणूस खाली जाऊ लागला तर त्याला हवेत तोलून धरण्याचा प्रयत्न करू नये. आपल्या अंगाला टेकवून, आपल्या मांडीवरून घसरू देत, डोके सांभाळून जमिनीवर बसू द्यावे. मग उशी द्यावी, इजा पाहावी, मदत बोलवावी. घाई नसते. शेजाऱ्यांच्या चार हातांनी हिसका देऊन उचलण्यापेक्षा जमिनीवर दहा मिनिटे बसणे सुरक्षित. लिफ्ट असेल तर बहुतेक यंत्रे जमिनीवरूनही उचलतात. घेताना तेवढे विचारून घ्यावे.

न्हाणीघर आणि उंबरठा

घरातील सर्वांत कठीण जागा न्हाणीघर. फरशी ओली, दार अरुंद, आणि आपल्या बांधकामाच्या रीतीने पातळी एक-दोन इंच खाली. सार्वजनिक इमारतींसाठीच्या शासकीय मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर सांगितली आहे. आपल्या फ्लॅटांत न्हाणीघराचे दार पुष्कळदा अडीच फुटांचे असते, आणि उघडलेल्या दाराची जाडी त्यातूनही दीड-दोन इंच खाते. चौकटीऐवजी मोकळी जागा मोजावी. सरकते दार बसवले किंवा दार काढून जाड पडदा लावला तर तेवढे इंच परत मिळतात.

उतारासाठी एकास बारा हे प्रमाण मानतात. उंबरठा दोन इंचांचा असेल तर उताराची फळी दोन फूट लांब हवी. चार इंचांचा असेल तर चार फूट. आमच्या सांगलीकडच्या जुन्या घरांत दोन खोल्यांमध्येही उंबरठे आहेत. सुतार म्हणाला, उंबरठा काढू नये. मी काढला. धरण्याचे दांडे भिंतीच्या विटेत खोल बोल्टने बसवावेत. रबरी चकतीने फरशीला चिकटणारे जे दांडे मिळतात त्यांवर माणसाचे वजन कधीही सोपवू नये. हातशॉवर आणि उंच कमोड बैठक यांचा खर्च किरकोळ आहे आणि उपयोग रोजचा.

पैशाचा हिशोब

आता माझ्या पूर्वाश्रमीचा प्रांत. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी घरी वापरण्याच्या अशा साहित्याचा खर्च देत नाहीत, म्हणून तो खर्च आपलाच धरावा. काही महिन्यांपुरती गरज असेल, उदाहरणार्थ खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, तर भाड्याने घ्यावे. गरज कायमची असेल तर भाड्याची रक्कम किती महिन्यांत किमतीइतकी होते ते पाहावे. तो काळ वर्षाच्या आत असेल तर विकत घेणे शहाणपणाचे. झोळी आणि गादी मात्र स्वतःचीच असावी.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अवश्य काढावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकार आहेत. पक्षाघाताने आलेली हालचालीची अक्षमता चलनविषयक दिव्यांगत्वात मोडते. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्यावर वैश्विक ओळखपत्र मिळते. “आता या वयात काय करायचे आहे कार्ड?” असे अनेक जण म्हणतात. करायचे आहे ते असे : १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम ८० डीडी अन्वये अवलंबून असलेल्या दिव्यांग जोडीदारासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये इतकी ठराविक वजावट मिळते. खर्च त्याहून कमी झाला तरी रक्कम तीच. मात्र ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे, आणि जोडीदाराने स्वतः ८० यू खाली वजावट घेतलेली नसावी. २०२५ च्या नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक निराळे आहेत, म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी सनदी लेखापालांना विचारावे. निवृत्तिवेतनधारकांपैकी कितीतरी जण कोणताही हिशोब न करता नवी प्रणाली स्वीकारतात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात.

उत्पन्न कमी असणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची एडिप योजना आहे, आणि ज्येष्ठांसाठी २०१७ साली सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत तिची साधने दिली जातात. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना तीन हजार रुपये एकदा मिळतात. त्यात लिफ्ट येणार नाही, पण पट्टा, कमोड खुर्ची आणि वॉकर येतो.

उरतो तो समाजाचा वाटा. आपल्या अनेक गावांत मंदिरांच्या आणि मंडळांच्या आश्रयाने रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालतात. अनामत घेऊन कॉट, व्हीलचेअर, वॉकर देतात. परत केल्यावर अनामत मिळते. फार मोलाचे काम आहे. मी पाहिलेल्या केंद्रांत व्हीलचेअर रांगेने उभ्या असतात, त्यांतल्या निम्म्यांचे हातटेकू न निघणारे असतात, म्हणजे बाजूने सरकून बसणे अशक्य. लिफ्ट एकाही ठिकाणी दिसली नाही. देणगीदार बहुधा ज्या वस्तूवर नाव नीट दिसेल ती देतात. दिवंगत आई-वडिलांच्या स्मरणार्थ दहावी व्हीलचेअर देण्याऐवजी एखाद्या कुटुंबाने एक पंपाची लिफ्ट, तीन मापांच्या झोळ्या आणि वर्षाला चार वेळा फिजिओथेरपिस्टचे मानधन द्यावे, अशी विनंती मी आमच्या विश्वस्तांपुढे ठेवली आहे. झोळ्या सामायिक वापरात असतील तर प्रत्येक घरातून परत आल्यावर धुऊन, शिवण तपासून, तारीख लिहून ठेवाव्यात. ती नोंदवही लिहिण्याची तयारी मी दर्शवली आहे. विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत विषय घेण्याचे कबूल केले आहे.

तोवर एक काम झाले आहे. दुकानात जाण्यापूर्वी कोणती मापे घ्यावीत याचा एक पानी तक्ता मी तयार केला आहे : पलंगाची जमिनीपासून उंची, पलंगाखालची मोकळी जागा, प्रत्येक दाराची मोकळी रुंदी, प्रत्येक उंबरठ्याची उंची, कमोडची उंची व त्याच्या दोन्ही बाजूंची जागा, खोलीत पलंगाशेजारी वळण्यास उरणारे अंतर, रुग्णाचे वजन व उंची, कोणती बाजू चांगली, आणि सेवा करणाऱ्याचे वय व त्याला असलेली दुखणी. शेवटचा रकाना दुकानदार कधी विचारत नाही, तो आपणच सांगावा. तक्त्याच्या प्रती मंदिराच्या कार्यालयात टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी न विचारता घेऊन जाव्यात.